पळत द्यायचं पाणी

चांद्याहून मूलकडे जाणाऱ्या सडकेवर, जंगल थोडं विरळ होतं त्या जागी, सावरटोला नावाचं गाव होतं. गावाच्या पुढे सडक उतरत उतरत नाल्यापर्यंत जायची आणि नाला ओलांडून पुन्हा जंगलात शिरायची. धान कापून, चुरून घरात आलं की दर पौषात या गावात शंकरपट भरायचा. बैलांच्या जोड्या हलक्या छकड्यांना जुंपायच्या आणि वाऱ्यासारख्या सोडायच्या, त्या शर्यतीचं नाव पट. पट म्हटला की चार गावचे पाहुणे आले, आणि पाहुणे आले की त्यांना पहिलं पाणी देणं आलं.

हे पहिलं पाणी कोणाच्या घरचं, याला सावरटोल्यात मोठा मान होता. तो मान शकुबाईच्या घरी होता. तिला तो सासूकडून मिळाला होता आणि सासूला तिच्या सासूकडून. धावून आलेल्या बैलांना आणि त्यांच्या धन्याला पहिला गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, शकुबाईच्या हातचा, मग बाकीच्या घरांनी आपापली पाण्याची गुंडी उघडायची. वर्षातून एक दिवस शकुबाई नवं लुगडं नेसून पटाच्या टोकाला उभी राहायची, आणि त्या दिवशी तिचा नवरा देवाजीसुद्धा तिच्याशी जरा अदबीने बोलायचा.

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. पटाला थोडे दिवस उरले असताना गावात एक फटफटी आली. फटफटीवरच्या माणसाने धोतरावर कोट घातला होता आणि कानाला मफलर गुंडाळला होता. त्याने सांगितलं की येत्या रविवारी सायकलींची शर्यत आहे, चांद्याहून मूल आणि मूलहून परत चांदा. नागपूरकडच्या सायकलवाल्या कंपन्यांनी आपापले गडी उतरवले आहेत. या गावात पाण्याची सोय झाली तर फार बरं होईल. देवाजी पुढे होता, त्याने कोणाला न विचारताच हो म्हणून टाकलं. माणसाला घाई होती. त्याने फटफटीला लाथ मारली आणि तो गेला.

पाण्याची सोय करा, एवढंच तो बोलला होता. आता पाण्याची सोय म्हणजे काय, हे सावरटोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाहुण्याला आधी बसायला खाट. मग पाय धुवायला घंगाळात पाणी. मग हातावर गुळाचा खडा, आणि त्यानंतर प्यायचं पाणी. उभ्या माणसाला पाणी द्यायचंच नाही, कारण उभ्याने प्यालेलं पाणी पोटात न थांबता गुडघ्यात उतरतं आणि म्हातारपणी तेच गुडघे धरून बसतं. हे शकुबाईला तिच्या सासूने सांगितलं होतं आणि शकुबाईने ते दोन सुनांना सांगितलं होतं.

तेव्हा रविवारी सकाळी सडकेच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली, घरोघरच्या खाटा ओळीने मांडल्या गेल्या. त्यांवर घोंगड्या अंथरल्या. घंगाळं भरली. शकुबाईने पितळी गडवे राखेने असे घासले की त्यांत पाहून कुंकू लावावं. गुणाबाई, शकुबाईची शेजारीण, कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. ही गुणाबाई मनाने वाईट नव्हती; पण त्या पहिल्या पाण्यावर तिचा बऱ्याच वर्षांपासून डोळा होता, आणि ते ती लपवतही नव्हती.

गर्दी मोठी जमली होती. माणसं शेकोट्या सोडून सडकेच्या दोन्ही कडांना उभी राहिली. पट बघून बघून त्यांचे डोळे तयार झालेले होते. धावणाऱ्या जोडीत कोणता बैल ओढतो आणि कोणता नुसता सोबत करतो, हे ती लांबून सांगू शकत. पण सायकलींची शर्यत कोणी पाहिली नव्हती. पाहिली होती फक्त लच्छूने. हा लच्छू बल्लारशाला कामाला होता, सुटीत स्वतःच्या सायकलवर गावी यायचा आणि गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्या बायांना मामी म्हणायचा. नागपूरला त्याने एकदा अशी शर्यत पाहिली होती, त्यामुळे त्या दिवशी त्याच्या शब्दाला पाटलापेक्षा जास्त वजन आलं होतं. हे गडी कंपनीचे पगारी आहेत, असं त्याने सांगितलं तेव्हा शकुबाईचा विश्वास बसला नाही.

"सायकल चालवाचा पगार भेटते?" तिने विचारलं. "मंग ते कामाले कवा जातेत?"

"थेच त्याईचं काम हाय, मामी."

शकुबाईने देवाजीकडे पाहिलं. देवाजीची सायकल तीन पावसाळे गोठ्यात टांगलेली होती. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

एवढ्यात चांद्याकडून फटफटीचा आवाज आला, आणि तिच्यामागे धुळीचा लोट. शकुबाईने पदर खोचला, पहिला गडवा उचलला आणि हसतमुखाने एक पाऊल पुढे टाकलं. या बसा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. लाल, हिरवी, पिवळी बनियनं एका गठ्ठ्याने आली, साखळ्यांचा सर्रर्र आवाज झाला, जसा पिकलेल्या धानाच्या बांधीवरून पाखरांचा थवा उडावा तसा, आणि सगळा घोळका उताराला लागून नाल्याकडे दिसेनासा झाला. कोणी खाटेकडे पाहिलं नाही, घंगाळाकडे पाहिलं नाही, गुळाकडे पाहिलं नाही. धूळ हळूहळू खाली बसली. ती घोंगड्यांवर बसली, गुळावर बसली आणि चकचकीत गडव्यांवरही बसली.

मग एकटाच मागे राहिलेला एक आला. अंगात पिवळं बनियन, डोक्याला पंचा बांधलेला, अंगाने काटकुळा. त्याने खाटांची ती लांबलचक ओळ पाहिली, घंगाळं पाहिली, हातात गडवा धरून उभी असलेली शकुबाई पाहिली, आणि तो खळखळून हसला. त्या हसण्यात टवाळी नव्हती. लग्नघरी चुकून पोचलेला वाटसरू मांडव बघून हसतो, तसं ते होतं.

"थांबता येत नाई, बाई," तो जाता जाता ओरडला. "येतानी पळत द्या!"

आणि तोही उतारावरून गेला.

मग गुणाबाई पुढे आली, तिने एका खाटेवरची धूळ पदराने झटकली आणि स्वतःच तिच्यावर बसली.

"आणा वो शकुबाई पाणी," ती म्हणाली. "पाय धुता का माहे? दुसरं तं कोणी दिसून नाई राह्यलं."

सगळे हसले. देवाजीसुद्धा हसला, ते शकुबाईने बरोबर टिपलं. हसणं विरलं तशी गुणाबाईने खरी गोष्ट काढली. ज्या घरचं पाणी कोणी पीतच नाही, त्या घरी पहिल्या पाण्याचा मान कसा राहायचा, असं तिने चारचौघांत विचारलं. पाहुणे गावातून तहानलेले गेले. ही गोष्ट मूलला कळणार, चांद्याला कळणार, आणि पटाला येणारे लोक तोंडावर विचारणार. म्हाताऱ्या मंडळींनी माना हलवल्या. बोलणं टोचणारं होतं पण खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं की गडी अजून परत यायचे आहेत. परतताना एकाने जरी शकुबाईच्या हातचं पाणी घेतलं तर मान तिच्याकडे राहील, नाहीतर या पटाला पहिला गडवा गुणाबाईचा.

शकुबाईने हातातल्या गडव्यावरची धूळ पदराने पुसली. गुंडीभर पाणी कोणाच्या घरचं, एवढीच तर गोष्ट, असं दुसऱ्या गावच्या माणसाला वाटेल. पण सासूने मरताना तिला दागिना दिला नव्हता, शेत दिलं नव्हतं. तो गडवा दिला होता. तिने खाटा उचलायला लावल्या आणि लच्छूला हाताला धरून बाजूला नेलं. हे पळणारे गडी पळता पळता पाणी घेतात तरी कसं, ते तिने विचारलं.

लच्छूला विचारायचीच खोटी होती. त्याने आधी शर्यत समजावून सांगायला घेतली. भोवती गर्दी जमली. तो म्हणाला, पटात जोडी एकटी धावते, तसं इथे नसतं. इथे एका रंगाचे सगळे एका घरचे. त्यांच्यातला एक बळकट गडी जिंकण्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात. कोणी त्याच्यापुढे राहून वारा अडवतो, कोणी त्याला पाणी आणून देतो, आणि दमला की मागे पडतो.

"म्हंजे दुसऱ्याच्या पाठीमागं लपून पळाचं?" देवाजीला हे पटलं नाही. "पटात असं केलं तं लोक जोडे मारतीन."

तेव्हा गर्दीच्या कडेने एक आवाज आला. सोमारी होती. नाल्यापलीकडच्या गोंडांच्या गावातली ही बाई दर रविवारी चारोळी घेऊन सावरटोल्यात यायची, आणि आज तिची चारोळी कोणी घेत नव्हतं म्हणून टोपली खाली ठेवून तीही ऐकत होती. ती म्हणाली, "पहाटे जंगलाच्या वाटेनं चाला. पुढचा दवानं भिजते, मागचे कोरडे जातेत. रोज येकच पुढं राह्यला तं तो मरन. म्हणून बदली करा लागते."

हे मात्र सगळ्यांना कळलं. त्या वाटेने सगळेच गेले होते. थंडीत गुडघ्यापर्यंतच्या ओल्या गवतातून पुढे चालणं काय असतं, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. देवाजीने मान डोलावली आणि आपण आधीपासून हेच म्हणत होतो असा चेहरा केला.

मग लोकांनी आपापला रंग निवडला. गंमत बघायची तर कोणीतरी आपलं असावं लागतं. नाहीतर बघणारा नुसता धुळीचा धनी. देवाजीने हिरवा घेतला, कारण त्याच्या बैलजोडीची झूल हिरवी होती. गुणाबाईने लाल घेतला. सकाळी लालवाले सगळ्यांत पुढे होते, आणि पुढे असलेल्याची बाजू घेण्यात अक्कल लागत नाही, असं शकुबाई म्हणाली. तिने स्वतः पिवळा घेतला.

"पिवळा तं शेवटी होता," गुणाबाई म्हणाली. "शेवटच्यावर कोणी जीव लावते का?"

"शेवटी होता, पण बोलला तं तोच," शकुबाई म्हणाली. "तुहे लाल लोक शिकलेले असतीन, आमच्यासारख्याशी बोलत नाईत."

आता पाणी देण्याची तालीम सुरू झाली. येताना गड्यांना नाल्यापासून गावापर्यंत चढ चढायचा होता, त्यामुळे तिथे ते हळू येतील, एवढं लच्छूने हेरलं. चढाच्या मध्यावर शकुबाईला उभं केलं आणि लच्छू आपल्या सायकलवर खालून निघाला. शकुबाईने गडवा पुढे धरला. लच्छूने हात पुढे केला. गडवा त्याच्या बोटांवर असा आदळला की त्याचा आवाज गावात ऐकू गेला. लच्छू सायकलसकट कडेच्या धानाच्या पेंढ्याच्या, तनशीच्या ढिगात गेला आणि पाणी सगळं शकुबाईच्या लुगड्यावर आलं. तो तनशीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत काड्या होत्या आणि तो बोटं तोंडात धरून होता.

"पगारी गडी असता तं आज पगार कापला असता," देवाजी म्हणाला.

शकुबाई मात्र विचार करत होती. चूक कुठे झाली ते तिच्या ध्यानात येत होतं. धान कापणीच्या वेळी चालत्या बैलबंडीवर पेंडी द्यायची असते, तेव्हा बाई एका जागी उभी राहून पेंडी फेकत नाही. ती बंडीबरोबर चालते, बंडीच्या चालीने चालते, आणि मग पेंडी आपसूक वर जाते. हातातली वस्तू धावत्याला द्यायची तर आपणही थोडं धावलं पाहिजे. तो काटकुळा हेच तर ओरडून गेला होता. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि लच्छूला पुन्हा खाली पाठवलं.

या वेळी ती त्याच्याबरोबर पळाली. धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून डोक्यावर भारे घेऊन जन्मभर चाललेली बाई ती, पाय तिचे पक्के होते. गडवा लच्छूच्या हातात नीट गेला. पण तोपर्यंत त्यातलं पाणी अर्धं सडकेवर आणि अर्धं लच्छूच्या मांडीवर. पौषाच्या सकाळी ते थंड पाणी अंगावर पडताच लच्छूने जो शब्द उच्चारला, तो वडीलधाऱ्या मामींपुढे उच्चारायचा नव्हता. पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. गडव्याचं तोंड रुंद, पळताना पाणी आत राहायचं कसं?

सोमारी हे बघत होती. तिच्या खांद्याला दोरीने एक तुंबा लटकलेला होता, वाळवलेल्या भोपळ्याचा, पोट मोठं आणि मान बारीक. घरी परतताना वाटेत प्यायला तिने त्यात पाणी आणलं होतं. तिने काही न बोलता तो खांद्यावरून काढला, त्याच्या तोंडातला पानाचा बोळा पक्का आहे ना ते पाहिलं आणि शकुबाईच्या हातात दिला.

शकुबाईने तो खालून तळहातावर धरून पाहिला. मान वर मोकळी राहिली, धरणाऱ्यासाठी जणू मूठच. हलका होता. उलटा केला तरी थेंब गळत नव्हता. लच्छू पुन्हा खालून आला, शकुबाई पळाली, लच्छूने मान पकडली, आणि तुंबा एका हातातून दुसऱ्या हातात असा गेला की बघणाऱ्यांना कळलंही नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या.

पण शकुबाईला एक शंका आली. गडी थांबणार नव्हता. तुंबा त्याच्याबरोबर चांद्याला जाणार. तिने ते सोमारीला सांगितलं.

"जाऊ दे," सोमारी म्हणाली. "वेलाले दुसरा लागते."

"आन् उभ्यानं पाणी देऊन राह्यलो आपण, त्याचं काय?" कोणी म्हातारी मागून म्हणाली. "गुडघ्यात जाते थे."

"त्याईच्या तं गुडघ्यालेच तहान लागली असन, आजी," लच्छू म्हणाला. "जाऊ द्या तिथीच."

वरच्या अंगाला, चढ संपून गाव लागतं तिथे, गुणाबाई आपली स्वतःची गुंडी आणि गडवा घेऊन उभी राहिली. तिला लाल गड्यांना पाणी पाजायचं होतं. मी कोणाला अडवलं का, असं ती म्हणाली, आणि अडवायचं कारणही कोणाला सापडलं नाही.

ऊन चढलं. नाल्याकडून फटफटी वाजली. शकुबाईने तुंब्यात आपल्या घरच्या गुंडीतलं पाणी भरून ठेवलं होतं; तिने त्याचा बोळा काढला आणि तुंबा तळहातावर घेतला. तिचं काळीज लग्नात वाजलं नसेल एवढं वाजत होतं. सकाळी तिला सगळे सारखेच दिसले होते, नुसते रंग. आता तिला नाल्याच्या वळणावर नजर लावून एकच रंग शोधायचा होता. शर्यत बघायची गोडी लागते ती अशीच. जोपर्यंत कोणी आपलं नसतं, तोपर्यंत माणसं सायकली चालवत असतात; आपलं कोणी असलं की आपणच त्या चढावर असतो.

वळणावर आधी पिवळा दिसला.

शकुबाईने डोळे चोळले. सकाळी सगळ्यांत शेवटी असलेला, डोक्याला पंचा बांधलेला तो काटकुळा आता सगळ्यांच्या पुढे होता. खाली मान घालून, दात आवळून, खांदे हलवत तो चढ चढत होता. त्याच्या अगदी मागे, चाकाला चाक लागेल इतक्या जवळ, पिवळ्याच बनियनातला एक भरदार गडी होता. आणि त्यांच्या मागे, थोडं अंतर सोडून, लाल आणि हिरव्यांचा सगळा घोळका. काटकुळा एकटा दवात चालत होता आणि मागचा कोरडा येत होता. हे आता लच्छूने सांगायची गरज नव्हती. सकाळी तो मागे का रमला होता, तेही शकुबाईला आपोआप उमगलं. आपली पाळी यायची होती म्हणून त्याने दम राखून ठेवला होता.

ती पळू लागली, तसं गाव तिचं नाव घेऊन ओरडू लागलं. काटकुळ्याने तिला पाहिलं. घामाने भरलेल्या त्या तोंडावर सकाळचंच हसू आलं. ती त्याच्या चालीने पळाली, तळहात वर केला, त्याने तुंब्याची मान पकडली. तिचा हात रिकामा झाला. आता पी, पी रे बाबा, असं ती मनात म्हणत होती.

तो प्याला नाही. त्याने हात मागे नेला आणि तुंबा मागच्या भरदार गड्याला दिला. मागचा तोंड वर करून गटागटा पाणी प्याला, उरलेलं त्याने डोक्यावर ओतलं आणि तुंबा दोरीने गळ्यात अडकवला. दोघे तिला सोडून वर निघून गेले. पाठोपाठ घोळका गेला, धापा टाकत, कोणाकडे न बघता.

शकुबाई चढाच्या मध्यावर उभी राहिली. श्वास लागला होता. पाणी घेतलं म्हणायचं की नाही? ज्याने तिच्या हातून घेतलं तो प्याला नाही, आणि जो प्याला त्याने तिच्या हातून घेतलं नाही. गुणाबाई याचा कीस काढणार हे नक्की होतं. तरी तिला वाईट वाटत नव्हतं, आणि का वाटत नाही याचंच तिला नवल वाटत होतं. तो तहानेला माणूस आपलं पाणी दुसऱ्याला देऊन गेला, ते बघून तिच्या डोळ्यांपुढे आपली सासू आली, जी पटाच्या दिवशी सगळ्यांना पाजून झाल्याशिवाय स्वतः घोट घेत नसे.

वर चढ संपला तिथे आरडाओरड झाली म्हणून ती चालत, मग पुन्हा पळत वर गेली. लाल घोळका गुणाबाईपुढून भुर्रकन गेला होता. तिचा भरलेला गडवा तसाच तिच्या हातात होता. आणि तिच्यापुढे, एक पाय जमिनीला टेकवून, सायकलच्या मुठीवर कपाळ ठेवून तो काटकुळा उभा होता. चढावर त्याने मागच्याला वर आणून सोडलं होतं. त्याचं काम झालं होतं. आता त्याच्यात त्राण नव्हतं, आणि घाईही नव्हती.

त्याने मान वर केली आणि पाणी मागितलं. शकुबाईचे दोन्ही हात रिकामे होते. पाणी होतं गुणाबाईच्या गडव्यात.

गुणाबाईने गडव्याकडे पाहिलं, शकुबाईकडे पाहिलं. शकुबाईला बोलायला दम नव्हता. तिने नुसता हात हलवला, दे म्हणून. वाद नंतरही घालता येतो, तहानेला माणूस थांबत नाही. गुणाबाईने गडवा दिला. गडी उभ्याउभ्याच प्याला, सगळा प्याला, आणि दुसरा मागितला. कोणी गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

त्याने आपलं नाव बिरजू सांगितलं. नागपूरला एका सायकलवाल्याकडे आहे म्हणाला. गेल्या वर्षी दुसऱ्या वाटेने शर्यत झाली तेव्हा लोकांनी त्यांच्यावर गुलाल उधळला होता, डोळ्यात गेला होता. खाटा मात्र पहिल्यांदाच पाहिल्या. देवाजीने त्याला विचारलं की एवढं राबून जिंकणार दुसराच, तर तुझ्या वाट्याला काय.

"तो जिंकला म्हंजे आमी जिंकलो, भाऊ," बिरजू म्हणाला. "आन् याईचं पाणी पोचलं त्याले. माह्या हातून गेलं, पण पोचलं."

शेवटचं वाक्य त्याने शकुबाईकडे बघून म्हटलं. मग गुळाचा खडा गालात धरून तो सायकलवर बसला आणि शिट्टी वाजवत, हिंडायला निघाल्यासारखा, चांद्याकडे गेला.

त्या दिवशी सावरटोल्यात कोणाचं कामात लक्ष नव्हतं. चांद्याहून येणाऱ्या संध्याकाळच्या मोटारीला एरवी दोन-तीन माणसं असायची. आज सगळं गाव मोटार अडवायला सडकेवर आलं. कंडक्टरला शर्यतीचं विचारलं तर तो वैतागून म्हणाला की सायकलवाल्यांनी वाटेत गाडी खोळंबवली, एवढंच त्याला ठाऊक आहे. पण आत बसलेल्या एका कापडवाल्याने चांद्यात शर्यतीचा शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. लाल जिंकला, तो म्हणाला. पिवळा दुसरा, चाकभरच मागे. आणि त्या पिवळ्याच्या गळ्यात एक भोपळा लटकत होता, तो काही केल्या काढायला तयार नव्हता, त्यामुळे लोक पहिल्याला सोडून त्यालाच बघत होते.

सोमारी केव्हाच तिच्या गावी गेली होती, नाहीतर तिला हे ऐकायला फार आवडलं असतं.

मोटार गेली. गुणाबाईने पदर सावरला.

"लाल जिंकला," ती शकुबाईला म्हणाली.

"तहानेला जिंकला," शकुबाई म्हणाली. "त्याले पाणी कुठी भेटलं? तू तं भरला गडवा घेऊन उभीच होती."

गुणाबाईला यावर उत्तर सुचलं नाही असं नाही. बिरजू माझ्या गडव्याने प्याला, हे तिच्या ओठावर आलं होतं आणि ते खरंही होतं. पण ती चढाकडे बघत राहिली, जिथे दुपारी शकुबाई लुगडं खोचून सायकलीच्या बरोबरीने पळाली होती आणि सगळं गाव तिचं नाव घेऊन ओरडत होतं. गुणाबाईही ओरडली होती. तिने स्वतःच्या जाड पायांकडे पाहिलं.

"पुढच्या साली माह्या लालालेबी तूच पाज," ती म्हणाली. "मान राहू दे तुह्याच घरी. एवढं पळणं माह्याच्यानं नाई होत, बाई."